न मोजलेली वर्षं

इंग्लंडात दोन जुने ओळखीचे अचानक समोरासमोर आले, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : तुला पाहून ‘डाँकीज इयर्स’ झाली! शब्दशः पाहिलं तर गाढवाची वर्षं. अर्थ एवढाच, की फार फार वर्षं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या रोजच्या बोलण्यात हा प्रयोग मुरलेला आहे, अमेरिकेत त्या मानाने कमी. मायकेल फ्रेन या ब्रिटिश नाटककाराने १९७६ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या प्रहसनाला हेच नाव दिलं. एका जुन्या नामांकित कॉलेजात वीसेक वर्षांपूर्वीचे विद्यार्थी स्नेहमेळाव्यासाठी एका रात्रीच्या मुक्कामाला येतात, आणि रात्र चढत जाते तशी त्यांची वयं, पदं, प्रतिष्ठा एकेक करून गळत जातात, असं ते नाटक.

माझा मित्र निखिल ते मराठीत आणायच्या खटपटीत आहे. त्याच्या आत्या लंडनमध्ये नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. त्या तिथेच राहतात, थंडीत मात्र पुण्याला येतात. नाटकाच्या नावाचं काय करायचं यावरून या दोघांची जुंपली, तेव्हा मी तिथेच होतो. सुरुवात शब्दापासून झाली खरी, पण वाद बघता बघता अशा ठिकाणी गेला की तो लिहून ठेवावासा वाटला.

निखिल : आत्या, आधी एक लक्षात घे. मुळात तिथे वर्षं नव्हतीच, कान होते. ‘डाँकीज इअर्स’. पूर्व लंडनच्या लोकांची ती यमकाची बोली असते ना? जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचं. पायांना, म्हणजे ‘फीट’ला, ‘प्लेट्स ऑफ मीट’. तसंच ‘इयर्स’ला ‘डाँकीज इअर्स’. त्यात गाढवाचे कान लांब. म्हणजे यमकही जुळलं आणि अर्थही. १९१६ सालच्या एका पुस्तकात हे कानांचं रूप छापलेलं आहे. वर्षांचं रूप त्यानंतर, १९२०च्या दशकात दिसायला लागतं.

आत्या : असेल बाबा. पण तिथे कान कुणाच्याच डोक्यात नसतात. कुणालाही विचार, सांगतील की गाढव खूप जगतं म्हणून.

निखिल : ती मागाहून चिकटवलेली उपपत्ती आहे.

आत्या : मागाहून का होईना, चिकटली ना? आणि ती काही खोटी नाही. डेव्हनमध्ये सिडमथला गाढवांचा मोठा आश्रम आहे, एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी १९६९ साली सुरू केलेला. आम्ही वॉर्डवरच्या मैत्रिणी एकदा गेलो होतो. नीट निगा राखली तर गाढव तिशी सहज ओलांडतं, काही तर त्याच्याही बरीच पुढे जातात. तिथली म्हातारी गाढवं बघितलीस तर तुझा विश्वास बसेल. तोंडावरचे केस पिकलेले, दात झिजलेले, म्हणून चारा कुटून मऊ करून द्यावा लागतो. आणि डिकन्स विसरलास का? ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर म्हणतो ना, की मेलेलं गाढव कुणी कधी पाहिलेलंच नाही. ते १८३६-३७ सालचं. म्हणजे गाढवाला मरण नाही ही समजूत तुझ्या १९१६च्या कानांच्या कितीतरी आधीची आहे.

निखिल : समजूत आधीची असेल, पण वाक्प्रचार तिच्यातून आला याला पुरावा काय? यमकाच्या बाजूने पुरावा आहे. त्या बोलीत यमक जुळणारा शब्दच गाळून टाकायची रीत. ‘ॲपल्स’ एवढंच म्हणायचं, ‘पेअर्स’ म्हणायचंच नाही. इथेही तसंच होतं. ‘तुला पाहिलं नाही फॉर डाँकीज’ एवढ्यावर वाक्य थांबतं. पुढचा शब्द ऐकणाऱ्याने आपला समजून घ्यायचा.

हे रूप आत्यांनी मान्य केलं. त्या म्हणाल्या, की वॉर्डबॉय आणि रात्रपाळीचे रखवालदार असंच तोडून बोलायचे. पण व्युत्पत्तीचा निकाल निखिलच्या बाजूने लागला असं मात्र मी म्हणणार नाही. ‘डाँकीज इअर्स’ आणि ‘डाँकीज इयर्स’ भराभर म्हणून पाहा. मधला ‘ज’ पुढच्या स्वराला असा जाऊन मिळतो की ऐकणाऱ्याला फरक कळणं कठीण. कानाला दोन्ही एकच ऐकू आले, लांबट कान आणि दीर्घायुष्य अशा दोन्ही गोष्टी त्याच जनावराला लागू पडल्या, म्हणूनच हा प्रयोग टिकला असावा. एकाच टेकूवर उभे असलेले त्या काळचे कितीतरी यमकी शब्द आज कुणाला माहीतही नाहीत.

निखिलला मात्र त्या बोलीचा इतिहास सोडवेना, आणि तो रंगून सांगत होता म्हणून मलाही ऐकावासा वाटला.

निखिल : ही यमकाची बोली कुणाची, ते बघ. जॉन कॅम्डेन हॉटनने १८५९ साली बाजारू इंग्रजीचा कोश छापला, त्यात तिची वेगळी यादी दिलेली आहे. बोलणारे कोण? रस्त्यावर फळं-भाजी विकणारे, गाणी विकणारे, हातावर पोट असलेले लोक. आणि त्यांची गाडी ओढायला कोण? गाढव. हेन्री मेह्यूने लंडनच्या कष्टकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, १८५१चा. त्यात स्मिथफील्डच्या बाजाराचं वर्णन आहे. शुक्रवारी दुपारी गाढवांची विक्री. दोन्ही बाजूंनी लांबच लांब रांगा, गाढवं लाकडी कठड्याला बांधलेली, मऊ पांढरट नाकं त्या कठड्यावर टेकलेली. मधल्या मोकळ्या पट्ट्यात गिऱ्हाइकाला चाल दाखवायला गाढव पळवायचं. भाजीवाल्याची सगळी पुंजी त्या एका जनावरात. म्हणून त्यांच्या तोंडी गाढव येतं, तेव्हा ते शिवी म्हणून येत नाही.

आत्या : हे मला पटलं.

निखिल : आणि ‘डाँकी’ हा शब्दसुद्धा त्यांच्यातलाच. जुना इंग्रजी शब्द ‘ॲस’. बायबलच्या इंग्रजीत तोच. ‘डाँकी’ अठराव्या शतकाच्या अखेरीचा, फ्रान्सिस ग्रोजच्या १७८५च्या बाजारू शब्दांच्या कोशात तो सापडतो. म्हणजे शब्द रस्त्यावरचा, जनावर रस्त्यावरचं, यमकही रस्त्यावरचं. आत्या, म्हणूनच मराठी नावात गाढव राहिलंच पाहिजे असं मी म्हणतो. ते काढलं तर त्या माणसांचा घाम निघून जातो.

आत्या : आणि ठेवलं तर काय होतं? मराठीत गाढवाच्या पाठीवर आधीच केवढं ओझं आहे, ते बघ. गाढवापुढे वाचली गीता. गाढव मेलं ओझ्यानं नि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ‘गाढवा’ म्हटलं की मूर्ख, नाहीतर राबणारा. दीर्घकाळ कुठेच नाही. पाटीवर ‘गाढवाची वर्षं’ लिहिलंस, की लोकांना आधी दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ आठवणार आणि ते वगनाट्य समजून तिकीट काढणार. लंडनच्या भाजीवाल्याचा घाम त्यांच्यापर्यंत कसा पोचवणार आहेस?

निखिल : मग ‘तप’ म्हणू? ‘एक तप लोटलं’?

आत्या : तप म्हणजे बारा वर्षं. तिथे आकडा आला. या प्रयोगात आकडा येत नाही, तीच त्याची सगळी गंमत आहे. दोन डाँकीज इयर्स, तीन डाँकीज इयर्स असं कुणी म्हणत नाही. सहा वर्षं झाली तरी चालतं, चाळीस झाली तरी चालतं. आणि आणखी एक बघ, तो बहुतेक वेळा मागे बघून वापरतात. तुला पाहिलं नाही, इथे आलो नाही, हा कोट शिवून झाला. झालेला काळ. पुढचा काळ लांबवायचा असला तर इंग्रजीत गाई येतात. ‘गाई घरी येईपर्यंत वाद घाल, मी ऐकणार नाही.’

गाईंचा हा प्रयोग फार जुना आहे. बोमाँट आणि फ्लेचर यांच्या १६१६ साली छापलेल्या नाटकात तो सापडतो, जोनाथन स्विफ्टने १७३८ साली गप्पांच्या वाक्प्रचारांची टिंगल करणारं पुस्तक काढलं त्यातही आहे. कुरणावर सोडलेल्या गाई आपल्या लहरीने, रमतगमत परततात, तेव्हा त्या येईपर्यंत म्हणजे संपता न संपणारा वेळ. ‘रविवारांचा महिना’ असाही एक प्रयोग आहे, तो मात्र बहुधा नकारात बसतो : रविवारांच्या महिन्यातही हे व्हायचं नाही. या दोन्हींवर आत्या-भाचे फार रेंगाळले नाहीत. गाईंबद्दल आत्या एवढंच म्हणाल्या, की आपल्याकडे गाई वेळेवर घरी येतात. गोरज मुहूर्त म्हणजे लग्नाची ठरलेली, मिनिटांत मोजलेली वेळ. इंग्रजीतली न संपणारी घटका मराठी कानाला सूर्यास्तापुरती ऐकू येते. मला ही तुलना फार आवडली. जनावर तेच, कुरण तेच, आणि काळ उलटा.

निखिल : पण गाढव आणि अनंत काळ मराठीत एकत्र आलेच नाहीत असं नाही हं, आत्या. गद्धेगाळ आठव. कोकणात, गोव्यात सापडणारे शिलाहारांच्या काळापासूनचे दगड. वर सूर्य-चंद्र कोरलेले, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई. अलिबागजवळ अक्षीला आहे. परळला सापडलेला ११८७ सालचा आहे. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालेल, हा वरच्या चित्राचा अर्थ. एकाच दगडावर गाढव आणि यावच्चंद्रदिवाकरौ!

आत्या : पण तिथे काळ सूर्य-चंद्रांचा. गाढव आहे ते जो कुणी तो काळ मोडेल त्याच्या घराण्याला दिलेल्या गाळीचं, म्हणजे शिवीचं. ते धमकावायला उभं आहे, वर्षं सांगायला नाही.

निखिल : बरोबर. तरी...

आत्या : थांब. त्या दगडांवर सालही असतं ना?

निखिल : बऱ्याचदा. अक्षीच्या लेखावर शके ९३४ वाचतात, म्हणजे १०१२ साल.

आत्या : म्हणजे राजाने दोन्ही लिहिलं. किती काळ चालणार, ते न मोजता. आणि कधीपासून सुरू झालं, ते मोजून. शहाणा राजा.

इथपर्यंत बोलणं शब्दांच्या कडेकडेने चाललं होतं. आत्यांच्या या वाक्याने ते दुसरीकडे वळलं. त्या थोड्या सरसावून बसल्या. पुढचं त्यांनी एका दमात सांगितलं.

आत्या : तुला हा प्रयोग गोड वाटतो, कारण तू तो नाटकात वाचलास. मी तो पहिल्यांदा ऐकला हॉस्पिटलमध्ये. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर सामान मांडायची एक पद्धत होती. मला ती अडचणीची वाटली, स्वच्छ हाताने अस्वच्छ बाजू ओलांडावी लागायची. मी सिस्टरला विचारलं, असं का? तिने मान वर न करता सांगितलं, आम्ही डाँकीज इयर्स असंच करतो. संपलं. किती वर्षं, कुणी ठरवलं, का ठरवलं, कशालाच जागा उरली नाही. त्या दोन शब्दांनी दार लावून घेतलं. पुढे मी बरेच विभाग पाहिले. पगारवाढ मागा, रजेचा क्रम बदला म्हणा, उत्तर तेच. डाँकीज इयर्स.

निखिल : आपल्याकडे ‘पूर्वापार चालत आलंय’ म्हणतात तसं.

आत्या : अगदी तस्संच. आणि त्याच सिस्टरच्या तोंडून मी तो दुसऱ्या सुरातही ऐकला. तिची जुनी पेशंट वॉर्डमध्ये परत आली. सिस्टर धावत गेली, हात धरले आणि तेच शब्द. त्या वेळी कुणी तिला वर्षं मोजायला सांगितली असती तर तो अपमान झाला असता. माझं म्हणणं एवढंच, की वर्षं न मोजणं ही माया असू शकते आणि तेच अंगावर ढकलणंही असू शकतं. शब्द एकच. बोलणारा कुठे उभा आहे आणि ऐकणारा कुठे, त्यावर अर्थ ठरतो. तुझे कान आणि तुझं स्मिथफील्ड यातलं काही सांगत नाहीत.

निखिल : सांगतात. हा प्रयोग खालच्या माणसाचा होता. ज्याच्याकडे कागद नाही, घड्याळ नाही, जन्मतारखेची नोंद नाही, त्याने काळ आपल्या गाढवावरून मोजला. त्याला ‘किती साली?’ विचारणारा नेहमी कारकून, नाहीतर पोलीस. मी या कोपऱ्यावर डाँकीज इयर्स गाडी लावतोय, असं तो म्हणतो तेव्हा तो हक्क सांगत असतो. तुझ्या सिस्टरने ते शब्द वापरून दार लावलं, हा तिचा दोष.

आत्या : हक्क सांगत असतो, मान्य. पण तो हक्क चालतो का? विंडरशचं तुला माहीत आहे ना?

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जून १९४८ मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या शेकडो माणसांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं तिथून आणि राष्ट्रकुलातल्या इतर देशांतून माणसं येत राहिली, बस चालवत राहिली, वॉर्ड झाडत राहिली. १९७१चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ला लागू झाला. त्याआधी येऊन स्थायिक झालेल्यांचा तिथे राहण्याचा हक्क त्या कायद्याने राखला. पण त्यांना त्याचा कागद दिला नाही, त्यांची यादीही ठेवली नाही. २०१२ नंतर सरकारने धोरण कडक केलं. नोकरी, भाड्याचं घर, दवाखाना, सगळीकडे राहण्याच्या हक्काचा पुरावा दाखवा. पुरावा कसा? राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा कागद. जहाजांवरून उतरताना भरलेली जुनी कार्डं पुराव्याला उपयोगी पडली असती, ती खात्याने २०१० साली नष्ट करून टाकलेली. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं. एप्रिल २०१८ मध्ये प्रकरण फुटलं, पंतप्रधान थेरेसा मे यांना माफी मागावी लागली आणि गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला.

आत्या : पॉलेट विल्सन. जमैकाहून १९६८ साली आली, लहान मुलगी होती. तिथेच शाळा, तिथेच संसार. एके काळी पार्लमेंटच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायची. २०१७ मध्ये तिला पकडून डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलं, ज्या देशात ती पन्नास वर्षं गेलीच नव्हती तिथे पाठवायची तयारी केली. तिच्या नावावर राष्ट्रीय विम्याचे ३४ वर्षांचे हप्ते भरलेले होते, निखिल. एका सरकारी दप्तरात तिची वर्षं एकेक करून मोजून पैसे घेतले होते. दुसऱ्या दप्तराला ती वर्षं दिसेनात. ती वाचली, लोकांनी आवाज उठवला म्हणून. पण २०२० मध्ये गेली, साठीच्या आसपास. आमच्या हॉस्पिटलमधल्या माझ्याबरोबरीच्या बायका त्या दिवसांत पोटमाळ्यावरच्या खोक्यांत जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधत होत्या. चाळीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी कोण जपून ठेवतं? त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्या हेच म्हणाल्या असत्या, आम्ही इथे डाँकीज इयर्स आहोत. आणि ते खरं होतं. आणि ते चाललं नसतं.

निखिल थोडा वेळ काही बोलला नाही. मग बोलला ते मात्र माघार घेऊन नव्हे. नाटकात पडण्याआधी त्याने गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांचं काम केलेलं आहे.

निखिल : यात दोष वर्षं न मोजणाऱ्यांचा नाही, आत्या. कायदा वेगळाही असू शकतो. आपला २००६चा वनहक्क कायदा घे. आदिवासी नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या माणसाला दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५च्या आधीच्या तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. आणि पिढी म्हणजे २५ वर्षं, असं कायद्यातच लिहिलंय.

आत्या : म्हणजे ७५ वर्षं. आजोबांच्या आठवणीला आकडा लावला.

निखिल : लावला, आणि तो जाच आहेच. पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी उतरवून घेतलेला जबाबही धरलेला आहे. दावेदार सोडून दुसऱ्या कुणाचा तरी. मी असे जबाब लिहून घेतले आहेत. म्हातारा सांगतो, दावेदाराच्या बापाने तो मोह झोडपलेला मी पाहिलाय. साल नाही, तारीख नाही. मोह आहे, बाप आहे, पाहणारा आहे. आणि तो कागद पुरावा म्हणून फाइलला लागतो. दावा पुढे मंजूर होतो की अडकतो ही वेगळी लढाई. पण न मोजलेल्या वर्षांना सही-अंगठ्याची जागा मिळते. लंडनमध्ये ती दिली असती तर पॉलेट विल्सनच्या शेजाऱ्यांनी रांग लावून सांगितलं असतं, की ही बाई इथली आहे.

आत्या : लावली असती. नक्की लावली असती.

या ठिकाणी मी माझं मत सांगतो. दोघांपैकी मला निखिलचा हा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. लोकांनी आपली वर्षं मोजून ठेवायला शिकावं, हा धडा विंडरशमधून काढला तर तो पीडितांच्याच गळ्यात बांधल्यासारखं होईल. मोजायचं काम दप्तराचं होतं, ते दप्तराने केलं नाही आणि होतं तेही नष्ट केलं. ‘डाँकीज इयर्स’ म्हणणाऱ्या माणसाला साल सांगता येत नाही म्हणून त्याचं तिथलं असणं कमी होत नाही. शेजाऱ्याचा शब्द त्याच्या बाजूने उभा राहू शकतो आणि कायद्याने मनात आणलं तर तो ऐकताही येतो. पण आत्यांच्या ट्रॉलीचा प्रसंगही माझ्या मनातून जात नाही. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने हे शब्द उच्चारले, तर त्याला ‘किती वर्षं, आणि का?’ हे विचारायलाच हवं. तिथे न मोजण्याची सवलत त्याला देऊ नये.

मग गाडी पुन्हा नाटकाकडे आली, आणि ती निखिलनेच आणली.

निखिल : आत्या, तू बोलत होतीस तेव्हा माझ्या डोक्यात स्नेल आला.

आत्या : कोण स्नेल?

निखिल : नाटकातला. बाकीचे सगळे कॉलेजच्या आवारात राहिलेले. एक आता उपमंत्री आहे, एक सर्जन, एक पाद्री. त्यांच्या जुन्या खोल्या, जुनी टोपणनावं, जुन्या खोड्या. हा स्नेल बाहेर भाड्याच्या खोलीत राहायचा. कुणाच्या आठवणीत नाही. मेळाव्याला येतो तो राहून गेलेलं कॉलेज एका रात्रीत जगून घ्यायला. त्याला जी खोली मिळते ती दुसऱ्याच एका लोकप्रिय मुलाची, जो आलेलाच नाही. त्या मुलावर एके काळी जीव टाकणारी बाई, आता कॉलेजच्या प्रमुखांची बायको, अंधारात येते आणि स्नेललाच तो समजून बोलत राहते. प्रहसन आहे, लोक हसतात. पण बाकीच्यांना ‘किती काळ लोटला’ म्हणायचा अधिकार आहे. स्नेलला कुणी तसं म्हणणारच नाही, कारण भेट झालीच नव्हती.

आत्या : मग तुझं नाव तिथे आहे. गाढवात नाही.

निखिल : कसं?

आत्या : आपण जुना मित्र भेटला की काय म्हणतो? ‘अरे, किती वर्षांनी!’ शब्द प्रश्नाचा आहे, उत्तर कुणालाच नको असतं. इंग्रजाने गाढव आणून जे साधलं ते आपण ‘किती’वर साधतो. मेळाव्याला एकेक जण येतोय, प्रत्येक जण दुसऱ्याला मिठी मारून ‘किती वर्षांनी रे!’ म्हणतोय, आणि उत्तर कुणी देत नाहीये. मग कुणीतरी उगाच ओळख दाखवायची म्हणून स्नेललाही म्हणतो, किती वर्षांनी! आणि तो सांगतो. नेमकी वर्षं, महिन्यासकट. त्या सगळ्यांत मोजलेली वर्षं त्याच्या एकट्याकडेच आहेत.

निखिल : फ्रेनने असं लिहिलेलं नाही.

आत्या : माहीत आहे.

निखिल : परवानगी मागावी लागेल. रूपांतर म्हणून, नुसतं भाषांतर म्हणून नाही. एवढा एक संवाद बदलण्यासाठी सगळा पत्रव्यवहार नव्याने करायचा?

आत्या : कर. नाव ‘किती वर्षांनी!’ ठेवायचं असेल तर हा संवाद लागेलच. नाहीतर ते नाव कुठल्याही मेळाव्याच्या पत्रिकेवर शोभेल, या नाटकावर नाही.

निखिलला हे नाव पुरतं पटलेलं नाही. त्याच्या मते त्यात भाजीवाल्याची बोली उरत नाही आणि प्रहसनाचा रांगडेपणा हरवतो. आत्यांचं म्हणणं, की रांगडेपणा नटांनी आणायचा, नावाने सगळी कामं करायची नसतात. पत्राचा मसुदा मात्र त्याने केला आहे. त्यात दोन्ही नावं लिहिली आहेत, आणि स्नेलच्या त्या एका वाक्यासाठी वेगळा परिच्छेद.